रेवाची झोप आणि गादीवाले चाचा

गादीवाल्या चाचांना हळू बोलता येत नसे. उभा जन्म रुई पिंजायच्या मशीनशेजारी गेलेला. समोरच्यालाही आपल्याइतकंच कमी ऐकू येतं, अशी त्यांची खात्री होती. म्हसावदला आमच्या भिंतीला लागूनच त्यांचं दुकान. सकाळी त्यांनी माझ्या सासूबाईंना ‘भाभी, चहा व्हयना का?’ विचारलं, की मागच्या गल्लीतून कुणीतरी ‘व्हयना’, म्हणजे झाला, म्हणून उत्तर द्यायचं.

कुणी भेटलं तर ते तब्येत विचारत नसत. ‘झोप कशी लागस?’ एवढंच. गादी नेलेल्या माणसाला चार दिवसांनी बाजारात गाठून हाच प्रश्न. माणूस लाजला, तर चाचा आणखी मोठ्यानं विचारत.

माझी रेवा दिवस भरायच्या महिनाभर आधी जन्मली. घरी आणल्यावर दिवसा तिचा डोळा लागतो न लागतो तोच पलीकडे मशीन घरघरायचं आणि ती दचकून रडत उठायची. शहाद्याच्या डॉक्टरांनी तिला तपासलं तेव्हा ठोके फार भरभर पडत होते. ते म्हणाले, “हृदयात दोष नाही. पण झोपेतच त्याला विसावा मिळतो. झोप मोडली की ठोके वाढतात, आणि दिवसभर हेच चाललं तर एवढ्याशा जिवानं दम कधी घ्यायचा? हिला झोपू द्या.”

घरी येऊन मी सासूबाईंना विचारलं, मशीन थांबवायला चाचांना सांगू का? सासूबाई म्हणाल्या, “लगीनसराई शे. त्यासले कसं सांगानं?”

दोन दिवसांनी चाचा स्वतःच आले, हातात रेवासाठी शिवलेली इवलीशी दुलई. दारातूनच गरजले, “पोरी, आंडेर कशी शे?” त्यांची ‘आंडेर’, म्हणजे माझी लेक, टाहो फोडून जागी झाली. मी तिच्या छातीवर बोटं ठेवली.

“काय मोजी ऱ्हायनी?”

मग मला राहवलं नाही. सगळं सांगितलं. चाचा उंबऱ्यावर बसले.

“म्हणजे मन्ह्या मशीनमुळे?”

मी रेवाला थोपटत राहिले. दुलई माझ्या हातात देऊन ते निघून गेले. मला वाटलं, शेजार तुटला.

दुसऱ्या दिवशी मशीन सुरूच झालं नाही. अकराच्या सुमारास भिंतीवरून चाचांचं डोकं वर आलं आणि त्यांनी नुसत्या हातानं विचारलं, उठली का? मी मान हलवली, तेव्हा कुठं मशीन लागलं. पुढे महिना-दीड महिना हेच चाललं. ती जागी तेवढा वेळ पिंजण. झोपली की हातशिलाई. गिऱ्हाईक तक्रार करायचं, तेव्हा चाचा घशातल्या घशात सांगत, “बाईसाहेब झोपेल शेत.” एका नवरदेवाच्या बापानं फारच घाई केली. चाचांनी त्याच्यासमोर मूठ उघडली, मिटली. “इतलंसं काळीज शे तिन्हं. तुन्ह्या पोऱ्याले गादी एक दिन उशिरा भेटी, तर काय व्हई?” तो माणूस चपला हातात घेऊन पायरी उतरला.

पुढच्या तपासणीत ठोके ठीक होते, वजनही वाढलं होतं. डॉक्टर म्हणाले, आता नेहमीचे आवाज चालतील. चाचांनी त्याच दुपारी घाबरत घाबरत मशीन सुरू केलं. रेवा ढिम्म हलली नाही. त्यांनी भिंतीवरून तीनदा डोकावून पाहिलं. “देख बरं, उठस का,” म्हणाले, आणि ती उठत नाही म्हणताच जरा हिरमुसलेच.

यंदा चाचांचा मुलगा त्यांना कायमचं सुरतला न्यायला आला. रेवा आता दुसरीत आहे. भर दुपारी चाचा निरोप घ्यायला आले, तेव्हा ती शाळेतून येऊन झोपली होती.

“थांबा, उठवते,” मी म्हणाले.

“उठाडू नको.”

“चाचा, आता ती मोठी झाली. काही होत नाही तिला.”

“म्हायती शे माले,” ते म्हणाले. तिच्याजवळ थोडा वेळ उभे राहिले. पंख्याच्या वाऱ्यानं सरकलेलं पांघरूण त्यांनी नीट केलं आणि मुलाचा हात धरून गाडीकडे गेले.

रेवा उठली तेव्हा पाच वाजले होते. मी उठवलं नाही म्हणून ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिचं बरोबरच होतं. पण त्या वेळी चाचांचा शब्द मला मोडवला नाही.