डावा कौल

लग्न होऊन मी डोंबिवलीला आले ती बी.एस्सी.ची पदवी आणि देव नाही ही खात्री, अशा दोन गोष्टी घेऊन. पहिलीचं सासरी कौतुक होतं. दुसरी मी महिनाभर लपवली आणि एका रविवारी चहाच्या वेळी मामंजींना सांगून टाकली. माझे सासरे मूळचे कोकणातले, रोज तासभर पूजा करणारे. रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी कप खाली ठेवला आणि मोठ्या उत्साहाने विचारलं, "नाही कशावरून?" तेव्हापासून दर रविवारी आमचा वाद ठरलेला.

पुढच्या वर्षी मला कल्याणच्या एका शाळेत शास्त्र शिकवण्याची नोकरी चालून आली. आठ दिवसांत कळवायचं होतं. आमच्याकडे मोठी गोष्ट ठरवायची तर देवाला कौल लावायची रीत होती. गावाहून आणलेला काळा पाषाण स्वयंपाकघरातल्या देवघरात होता. त्याच्या दोन्ही अंगांना तगरीची एकेक ओली पाकळी चिकटवायची आणि विचारायचं. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार.

डावी पडली.

मामंजींचा चेहरा उतरला. "माझ्या मनात असं नव्हतं गं," म्हणाले. मला रडू फुटायच्या बेतात होतं, तेवढ्यात माझं लक्ष खिडकीकडे गेलं.

"मामंजी, खिडकी डावीकडे आहे. वाऱ्याने ती पाकळी आधी सुकते, आणि सुकली की सुटते."

"हा तर्क झाला. पुरावा?"

"उद्यापासून काहीही न विचारता रोज पाकळ्या लावून बघू."

"म्हणजे देवाची परीक्षा?"

"देवाची नाही, खिडकीची."

सासूबाई चुलीपाशी बसून ऐकत होत्या. "खरंय तिचं," त्या म्हणाल्या. "त्या खिडकीतलं फडकं घटकेत वाळतं."

मामंजी कबूल झाले. पाच दिवस रोज सकाळी ते पाकळ्या लावायचे आणि पाटावर बसून एकटक बघायचे. मला तर चपात्या लाटताना मान वळवायचीही मनाई होती. माझ्या बघण्याने वारा हलेल म्हणे! पाचव्या दिवशी ते स्वतःच म्हणाले, "पाचांत चार वेळा डावी. सूनबाई, तो कौल खिडकीचा होता."

मग उठून त्यांनी खिडकी घट्ट लावली. "आता देवाला विचारतो."

मीही लाटणं बाजूला ठेवून बघायला लागले. बराच वेळ काहीच होईना. आणि मग उजवी पाकळी अलगद खाली आली.

मामंजींनी टाळी वाजवली. एका प्रयोगावरून निष्कर्ष काढू नये, हे मला चांगलं ठाऊक होतं. पण मी लगबगीने पुन्हा लाटणं उचललं.

"का गं, आज शंका नाही? अजून चारदा लावून बघू या?"

"नको!" मी ओरडलेच. सासूबाई पदर तोंडाला लावून इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला.

"तुमचा वाद चालू दे," ठसका आवरत त्या म्हणाल्या, "पण हिच्या डब्याला काय द्यायचं ते ठरवा."

शाळेच्या पहिल्या दिवशी मामंजी मला स्टेशनवर सोडायला आले. तो होकार देवाचा की योगायोगाचा, यावर आम्ही वाटभर असे भांडलो की गाडी सुटता सुटता मिळाली.