जोगळेकरकाकांचं ‘मध्ये कोण?’

लंडनच्या पिनर भागात राहायला आलो त्याच्या दुसऱ्याच दिवशी कुंपणावरून एक पांढरीशुभ्र भुवई वर आली आणि आवाज आला, “पूर्ण नाव?” मी म्हटलं, अनघा देशपांडे. “ते पुढचं-मागचं झालं. मध्ये कोण?” नवऱ्याचं सांगू की वडिलांचं, असं मी विचारलं. “वडिलांचं. नवरा नंतरचा.” मी मुकाट्यानं सांगितलं. “हां, आता कळलं,” म्हणून डॉक्टर श्रीधर जोगळेकर पुन्हा गुलाब छाटायला लागले. काय कळलं ते देव जाणे, माझ्या वडिलांना ते ओळखत नव्हते.

हा प्रश्न ते कुणालाही विचारत. बॉयलर दुरुस्त करायला आलेल्या माणसाला, पोस्टमनला, कौन्सिलच्या पार्किंगवाल्यालासुद्धा. चाळीस वर्षं त्यांनी इथल्या हॉस्पिटलांत भूल देण्याचं काम केलं. बापाचं नाव सांगता सांगता किती पेशंट झोपी गेले असतील, कोण जाणे. “माणूस एकटा आभाळातून पडत नाही गं,” ते म्हणत. “बापाचं नाव नाही तर पाटी अर्धी.”

त्यांच्या स्वतःच्या घरातली एक पाटी मात्र अर्धी होती, आणि ते त्यांना फार लागायचं. त्यांची बायको, आमच्या मॉयराकाकू, स्कॉटलंडच्या एका छोट्या गावातल्या. गावाचं नाव लिहीत नाही, इतकंच सांगते की एके काळी तिथे तीन ब्रूअरी होत्या आणि अख्खं गाव बिअरवर पोट भरायचं. काकूंचे आजोबा, जेम्स केर्न्स मॉफट, त्यातल्याच एकीत कामाला होते आणि बिअरच्या हौदात बुडून मेले, असं गाव म्हणे. पिऊन पडला, म्हणे. काकूंच्या आईला शाळेत पोरं त्यावरून चिडवत, पुढे काकूंनाही चिडवलं. अठराव्या वर्षी नर्सिंगला म्हणून काकूंनी गाव सोडलं, ते पुन्हा तिकडे पाऊल टाकलं नाही. घरात दारूचा थेंब येत नसे. पुण्याहून आलेल्या सासूबाई सुनेच्या या सोवळेपणावर बेहद्द खूश होत्या. त्यामागचं कारण त्यांना कुणी सांगितलं नाही.

काकूंच्या हृदयाच्या झडपेचं ऑपरेशन ठरायची चिन्हं दिसली तेव्हा काकांनी मनावर घेतलं. “ती ऑपरेशन टेबलवर जायच्या आत मला तिच्या आजोबांचं खरं काय ते हवंय,” ते मला म्हणाले. “वाईट निघालं तरी चालेल. पण खरं.” मी वॉटफर्डला कौन्सिलच्या रेकॉर्ड्समध्ये काम करते, म्हणून कॉम्प्युटरची हमाली माझ्याकडे आली. दर शनिवारी सकाळी मी त्यांच्या डायनिंग टेबलाशी, आणि काका मागे येरझाऱ्या घालत. “हं, पुढचा मॉफट काढ. मध्ये कोण?”

गावात जेम्स मॉफट खंडीभर. काकांची पद्धत पक्की होती. मृत्यूची नोंद डाउनलोड करायची, थेट बापाच्या रकान्यावर बोट ठेवायचं. नाव जेम्स केर्न्स, म्हणजे बाप केर्न्स. बाप केर्न्स नसेल तर कागद ‘बाद’ लिहिलेल्या फाइलमध्ये. पुढचं एक अक्षर वाचायचं नाही. मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही, माझ्याही नावात मध्ये वडीलच आहेत. दोन वर्षं आम्ही केर्न्स नावाचा बाप शोधत होतो. तिन्ही ब्रूअरींच्या कामगारांच्या याद्या चाळल्या. पिंपं बांधणारे, घोडागाडी हाकणारे, माल्ट भाजणारे, सगळे तोंडपाठ झाले. केर्न्स काही सापडेना. इकडे काकूंच्या ऑपरेशनची तारीख आली.

शेवटी काका म्हणाले, आपणच जाऊ. काकूंना एडिनबराला जुन्या मित्राकडे जातो, असं सांगितलं. ट्रेनमध्ये त्यांनी मला मेथीचे ठेपले खायला घातले आणि तीनदा विचारलं, “नाहीच मिळालं तर तिला काय सांगू?” त्यांचा आवाज इतका लहान झालेला मी कधी ऐकला नव्हता.

गावच्या लायब्ररीत एक म्हाताऱ्या बाई जुने कागद सांभाळायला बसत. काकांनी सगळी हकिकत सांगितली, बापाचं नाव केर्न्स, हे ठासून सांगितलं. बाईंनी चष्मा काढला. “डॉक्टर, केर्न्स हे आडनाव आहे. त्याच्या आईचं असणार, लग्नाआधीचं. आमच्याकडे मुलाला मध्ये आईचं माहेर देतात.”

काका खुर्चीत बसले. मग त्यांनी बॅगेतून ‘बाद’ फाइल काढली आणि मी आईचा रकाना बघत एकेक कागद उलटू लागले. चौथाच कागद. जेम्स मॉफट, बाप रॉबर्ट, आई ॲग्नेस, माहेरची केर्न्स. पहिल्याच महिन्यात काढलेला. आता काकांनी पुढचा रकाना वाचला आणि त्यांचं बोट थांबलं. “बुडून नाही,” ते म्हणाले. “गॅस. अनघा, हा गॅसनं गुदमरलाय.”

तारीख हाती आल्यावर बाईंनी त्या आठवड्याचं गावचं वर्तमानपत्र काढून दिलं. बिअर आंबताना एक जड गॅस निघतो. हौद रिकामा केला तरी तो तळाशी साचून राहतो. धुवायला उतरलेला एक पोरगेला कामगार खाली कोसळला. मॉफट त्याला काढायला उतरला. त्यानं त्याला शिडीपर्यंत उचलून वर दिलं. तो वाचला. मॉफट वाचला नाही.

“आयुष्यभर मी माणसांचा श्वास सांभाळला,” काका परतताना म्हणाले, “आणि हे दोन वर्षं माझ्याच कपाटात पडलं होतं. आईचा रकाना मी वाचलाच नाही.” आणि ते रडले, सगळ्या डब्यासमोर, रुमाल न काढता.

घरी काकू स्वयंपाकघरात होत्या. काकांनी कोटही न काढता सांगितलं. काकूंनी गॅस बंद केला. “बिअर?” त्यांनी सासूबाईंकडून शिकलेल्या मराठीत विचारलं, “हौदात बिअर किती होती?”

“नव्हती. रिकामा होता.”

“एम्टी?”

“एम्टी, मॉयरा. धुवायला काढलेला.”

त्या टेबलाशी बसल्या आणि आईचं नाव घेऊन म्हणाल्या, हे तिला सांगायला हवं होतं. त्यानंतर पाच दिवसांनी ऑपरेशन झालं आणि चांगलं झालं.

काका गेल्या वर्षी गेले. झोपेत, भूल न घेता, असं तेच म्हणाले असते. शेवटी शेवटी ते सही श्रीधर यशोदा जोगळेकर अशी करत. बँकेनं हरकत घेतली तर बँकेशी भांडत.

या एप्रिलमध्ये काकू मला म्हणाल्या, “अनघा, मला गावाला घेऊन जा.” साठ वर्षांनी त्या तिथे उतरल्या. आजोबांच्या ब्रूअरीच्या जागी आता सुपरमार्केट आहे. काकूंनी आत जाऊन दुधाची बाटली घेतली, काउंटरवर ठेवली. मुलीनं विचारलं, पिशवी हवी का?

“माझे आजोबा इथे वारले,” काकू ताठ उभ्या राहून, मागच्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. “जेम्स केर्न्स मॉफट. एका माणसाला वाचवायला उतरले होते. हौद रिकामा होता.”