वासंतीकाकूंची देवयानी

देवापाशी दिवा लावून झाला की वासंतीकाकू गच्चीवर जात, तिथला बल्ब बंद करत आणि समोरच्या टॉवरचा झोत अडवायला तळहात कानशिलाशी धरून वर पाहत. शाळेत भूगोल शिकवून त्या निवृत्त झालेल्या. लग्न होऊन कोपरला आल्या तेव्हा याच गच्चीवरून आपल्या आकाशगंगेची शेजारीण, देवयानी दीर्घिका, नुसत्या डोळ्यांना दिसायची. भाद्रपदा नक्षत्राच्या चौकोनापासून दोन तारे पुढे, मग थोडं आडवं वळायचं. तिथे बोटाने पुसल्यासारखा लांबट, पांढुरका डाग.

"तिच्याकडे रोखून बघायचं नाही," त्या वर्गात सांगत. "नजर जरा बाजूला न्यायची. मग ती डोळ्याच्या कडेला येते."

गेली काही वर्षं ती येत नव्हती.

"भेटली का मैत्रीण?" खाली आल्या की त्यांचे यजमान भाऊ विचारायचे.

"कुठली! मानपाड्यापासून खाडीपर्यंत नुसता उजेड. आकाश उरलंय कुठे?"

"अगं, शेजारच्या ताऱ्यांत शर्मिष्ठा आहे ना. सवतीसमोर कशाला येईल ती?"

काकू हसत, आणि सोसायटीच्या मीटिंगमध्ये झोतदिव्यांवरून भांडत. वाढताना बाजूची वाटी कलंडे, दाराच्या चौकटीला खांदा लागे. वय झालं, म्हणत.

गेल्या कार्तिकात त्यांच्या आकाशदर्शन मंडळातले प्रभाकर सगळ्यांना शहरापासून लांब, वांगणीला घेऊन गेले. अमावास्या होती, आकाश काळंभोर.

"वासंतीताई, बघा तुमची देवयानी. दुर्बीणसुद्धा नको!"

सगळ्यांना दिसली. काकूंनी चौकोन शोधला, तारे धरत वळल्या, नजर बाजूला नेली. बाजूला काहीच नव्हतं.

"दिसली ना?"

"हो, हो," त्या म्हणाल्या.

डोळे तपासले तेव्हा काचबिंदू निघाला. कडांकडून आत सरकत आलेला.

"गेलेली नजर परत येत नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आहे ती थेंबांनी टिकवू. पण इतकी वर्षं काही जाणवलं नाही?"

"जाणवलं की. मी आकाशाला दोष देत होते."

समोरचं दिसत होतं अजून: ताट, भाऊंचा चेहरा. देवयानी मात्र समोर बघून दिसत नाही. एकदा मेथी निवडताना त्या म्हणाल्या, "पंचवीस लाख वर्षं चालून आलेला उजेड, अन् दारातून परत जातो."

गच्ची मात्र सुटली नाही.

"काय दिसतं तुला तिथे?" भाऊ वैतागत.

"काही नाही."

मार्गशीर्षातल्या एका संध्याकाळी उतरताना जिन्याची कड त्यांना दिसली नाही. शेजाऱ्यांनी कळव्याच्या रुग्णालयात नेलं. शुद्ध आलीच नाही.

जाताना ती वेगळं काहीच बोलली नाही, असं भाऊ भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगतात. चपला पायात सरकवताना नुसतं म्हणाली, "अहो, कुकरची शिट्टी झाली की गॅस बारीक करा हं. मी आलेच."