हात ठेवायची जागा

लेकीच्या छातीवर तळहात सपाट ठेवायचा आणि विचारायचं, "मनमां शुं छे, बोल." रोज दिवेलागणीला, ओट्यावर बसून.

मलकापुरात आमच्या अगदी समोर राहायची ती. घर माळ्याचंच, पण माहेरची माणसं दोन पिढ्या सुरतेत, त्यामुळे बाईच्या मनातली भाषा गुजराती. सासर मात्र अस्सल वऱ्हाडी. लेकराला 'मनात काय आहे' असं विचारणारी दुसरी बाई आमच्या आळीत तुम्ही शोधून दाखवा. आमच्याकडे पोर रडलं की भाकरी, नाहीतर धपाटा.

सकाळी भाजीची टोपली मांडून बसली की तीही आमच्यातलीच. "काऊन हो भाऊ, वांगं दाबून काय पाह्यता? घ्याचं असंन तं घ्या!" असं गिऱ्हाइकावर खेकसायची. लेकीला रागावणं, कामाला लावणं, सगळं वऱ्हाडीत. संध्याकाळी मात्र आवाजच बदलायचा. चार-पाच वर्षांची ती पोर आईच्या तळहाताखाली गुजरातीत भडाभडा बोलायची. कुत्र्याची भीती वाटली, आजीचा राग आला, असलं काहीबाही; आईच मला नंतर सांगायची. सासूला त्यातलं अक्षर कळत नसे, पण आपला विषय निघालेला बरोबर कळे.

"काय कुजबुजतात वं ह्या मायलेकी?" सासू मला विचारायची.

"तुमचं कौतुक चालू असंन, काकू."

एकदा मी तिलाच म्हटलं, "मराठीत काऊन नाई इचारत पोरीले?"

"ताई, तुमच्या बोलीत मले भांडता येते," ती हसून म्हणाली. "मनातलं नाई बोलता येत."

मग तिला खोकला लागला. बुलढाण्याच्या दवाखान्यात नेलं, परत आणलं. परत आणलं तेव्हाच आम्ही काय ते समजलो, आणि तीही समजली.

एका दुपारी धापा टाकत ती माझ्या दारात आली. "ताई, जीव मूंझाय, आतल्या आत घुसमटल्यावानी होते, त्याले तुमच्यात काय म्हन्ते?"

मला विचार करावा लागला. असलं कधी कुणी बोलतच नाही आमच्याकडे. "करमत नाई," मी म्हटलं. "पन तुले आता कायले पाह्यजे?"

"मी गेल्यावर तिले कोन इचारन? आन् इचारलं तरी ते पोर कोनत्या बोलीत सांगन? घरात कोनालेच समजत नाई."

मी तिला उंबऱ्यावर बसवलं आणि पाणी दिलं.

त्या संध्याकाळपासून ओटा तोच, तळहात तोच, शब्द मात्र आमचे. "तुले कसं वाटून राह्यलं, बाई?"

पोर दचकायची. या बोलीत आई फक्त रागवते, एवढंच तिला ठाऊक. आईचा हात झटकून म्हणायची, "मी काई नाई केलं."

ती तोंड फिरवून खोकायची आणि पुन्हा विचारायची. बसवत होतं तोवर रोज विचारलं तिने. पोरीने उत्तर दिलं नाही. ते न मिळालेलं उत्तर घेऊनच बाई गेली, याचं मला अजून वाईट वाटतं.

तेरावं झालं, पाहुणे पांगले. संध्याकाळी पोर एकटीच ओट्यावर बसलेली दिसली. मी जाऊन शेजारी बसले. तिच्या छातीवर हात ठेवला आणि विचारलं, "करमत नाई का तुले?"

आता 'मी काई नाई केलं' म्हणणार, म्हणून मी जीव मुठीत धरून बसले होते. तिने माझं मनगट धरलं आणि हात जरासा खाली सरकवला.

"मावशी, माय अठी ठेवे."

मी हात तिथेच ठेवला.

"नाई करमत," ती म्हणाली.