चकतीवरच्या पाच खुणा

आमच्या मालकांना अख्खी भवानी पेठ सिद्धप्पा टर्नर म्हणायची. मी न्हाई म्हणत. नवऱ्याचं नाव घ्यायला मला अजून जमत न्हाई, आणि आता ह्या वयात कशाला शिकू? पुढच्या खोलीत लेथ, मागच्या खोलीत चूल, असा आमचा संसार. लोखंडाचा कीस भाकरीच्या पिठात निघाला म्हणून मी किती वेळा भांडले, देवालाच ठाऊक.

पण माणूस कामाला लई चोख. कुणाच्या जुन्या विलायती गाडीची चाकं गेली, तसली परत मिळंनात, की लोक आमच्या दारात. गाडीच्या हबाला, म्हणजे चाक जिथं बसतं तिथं, चार भोकं आणि बाजारात मिळणाऱ्या जीपच्या चाकाला पाच, मग बसणार कसं? हे दोघांच्या मधे एक जाड लोखंडी चकती बनवून द्यायचे. आतली चार भोकं गाडीला धरायची, बाहेरच्या गोलावरचे पाच बोल्ट चाकाला धरायचे. मिस्त्री लोक तिला अडॅप्टर म्हणायचे. मी म्हणायचे, सोयरीक जुळवणारी मावशी.

ह्यांचा एक नेम व्हता, त्यांच्या वस्तादानं घालून दिलेला. ज्यानं चकती केली त्यानं पहिल्या फेरीला गाडीत बसायचं, बरोबर त्या चाकाच्या वर. वळसंग गावापर्यंत जाऊन परत यायचं, मगच गाडी मालकाच्या ताब्यात. चाक निखळलं तर आधी करणाऱ्याचा जीव जाईल, असा त्याचा अर्थ. मला हा नेम मेला कधी आवडला न्हाई. हे परत येईस्तोवर मी उंबरा सोडायची न्हाई.

शहात्तर साली ह्यांना दिसंनासं झालं. डॉक्टर म्हणाले मोतीबिंदू हाय, पण अजून पिकला न्हाई, पिकल्याबिगर काढता येत न्हाई, वरीसभर थांबा. डोळा म्हणजे काय सीताफळ हाय व्हय, पिकायची वाट बघायला? ह्यांनी कुणाला सांगितलं न्हाई. लोखंड कापणं त्यांना बोटांनी आणि आवाजानं जमायचं. पण भोकांच्या खुणा मारायला डोळेच लागतात. आणि ही गोष्ट पेठेत फुटली की काम बंद, लेथ बंद. लेथ बंद झाली तर हा माणूस खाटेवर बसून झुरंल, हे मला दिसत व्हतं.

त्याच आठवड्यात मोडनिंबचे आबासाहेब आपली जुनी काळी गाडी घेऊन आले. चारी चाकांच्या चकत्या पायजेत म्हणाले. हे न्हाई म्हणायला तोंड उघडणार, तेवढ्यात मी आतनं "करून देतात की" म्हणून मोकळी झाले. ते गेल्यावर मग बोलणी खाल्ली. खुणा कोण मारणार, तुझा आजा? मी म्हणलं, मी. रोज दारात ठिपके मांडून रांगोळी घालते, पाच ठिपक्यांचं काय घेऊन बसलात!

घमेंड एका दिवसात उतरली. कंपासानं गोलावर पावलं टाकत पाच खुणा करायच्या. चार झाल्या, पाचवी जरा तोकडी पडली. रांगोळीत आपण काय करतो? शेवटची पाकळी थोडी फुगवतो, बघणाऱ्याला कळत न्हाई. मी तेच केलं. भोकं पडली, बोल्ट बसले आणि चाक काही केल्या चढंना. हे बोटांनी चाचपत गेले आणि पाचव्या बोल्टाशी थांबले. मला वाटलं, आता आभाळ कोसळतंय.

"चंद्रव्वा, रांगोळीतली चूक शेवटच्या पाकळीत जिरते. लोखंडात न्हाई जिरत. पाचवी चुकली की पुन्हा पहिलीपासनं."

एवढंच म्हणाले, आणि नवीन चकती कापायला घेतली. मी चार दिवस तेच करत बसले. चुकलं की पुसायचं, पुन्हा पहिलीपासनं. भाकऱ्या करपल्या, पण चारी चकत्या बसल्या.

फेरीच्या दिवशी आबासाहेबांनी गाडीचं मागचं दार उघडलं. हे दाराला धरून तसेच उभे. मी कोपराला चिमटा काढला, बसा की गप. तर म्हणाले, "आबासाहेब, खुणा हिनं मारल्यात. मला लई दिवस झाले, दिसत न्हाई. गाडी न्यायची का न्हाई, तुमी ठरवा."

एवढं झाकून ठेवलं आणि ह्यांनी भर रस्त्यात उघडं केलं! आबासाहेब खाली वाकले, एकेक चाक धरून हलवून बघितलं, हात झटकले आणि मला म्हणाले, "मग वहिनी, तुमी बसल्याबिगर गाडी हलायची न्हाई. नेम तुमच्याच घरचा."

जन्मात कधी मोटारीत बसले नव्हते. मी एका चाकावर, हे दुसऱ्या चाकावर. कुंभारी गाव मागं पडेपर्यंत मी भांडत व्हते, आता काम कोण देणार म्हणून. हे म्हणाले, दुसऱ्याच्या हातच्या कामावर आपलं नाव सांगून बसायला आपल्याला जमत न्हाई. मग पायातली चप्पल काढली, तळवा गाडीच्या पत्र्याला टेकवला आणि ऐकत बसले. थरथर न्हाई, म्हणाले. आता बाहेर काय दिसतंय ते सांग. मी सांगत गेले. शाळू निसवलाय, कणसं बाहेर पडलीत, विहिरीवर मोट चाललीय, एक बाई आपल्याकडंच बघतीय. वळसंग येईस्तोवर माझा राग कुटं गेला, मलाच कळलं न्हाई.

काम कमी झालं, खोटं कशाला बोलू. पण बंद पडलं न्हाई. पुढच्या वर्षी मोतीबिंदू निघाला, जाड भिंगाचा चष्मा आला. चकतीचं पहिलंच काम आलं, तशी मी कंपास ह्यांच्यापुढं ठेवला आणि चुलीकडं निघाले. ह्यांनी हाक मारली. जुनी एक, मीच आखलेली चकती हातात धरून खुणा बघत व्हते, एकेक, भिंग लावून.

"आता दिसतंय की तुमाला," मी म्हणलं. "तुमीच मारा."

"दिसतंय म्हणूनच तुला देतोय," म्हणाले, आणि कंपास माझ्याकडं सरकवला.

मी पदराला हात पुसले आणि बसले.