आतड्याचं माणूस

परळच्या हॉस्पिटलात एमआरआयसाठी बसलो होतो. आतड्यांची जुनी सूज पुन्हा जागी झालीय का, ते त्यात दिसणार होतं. झाली असेल तर गोळ्या सुटून इंजेक्शनं सुरू. त्याआधी आतडी नीट दिसावीत म्हणून बाटलीभर गुळचट पाणी प्यायचं असतं. दुसऱ्याच घोटाला माझं तोंड वाकडं झालं.

शेजारी साठीच्या एक लालबागच्या बाई, माझ्यासारख्याच एकट्या आलेल्या. त्यांचीही तीच बाटली. पण त्या घरून आणलेल्या स्टीलच्या पेल्यात ओतून मजेत पीत होत्या.

"असो बघत रवलंस तर संपाचा नाय," त्या मला म्हणाल्या. "सोलकढी समज नि पी."

"पण हे गोड आहे."

"मग शेजारणीन केलली समज!"

तेवढ्यात माझा नंबर आला. घड्याळ, अंगठी, मोबाइल बाहेर ठेवायचं होतं.

"सोबत नातेवाईक कोण?" सिस्टरने विचारलं.

घरी मी काही सांगितलंच नव्हतं. मी वस्तू हातात धरून उभा, तर बाईंनी पदर पुढे केला. "दी हय."

"तुम्ही यांच्या कोण?"

"रक्ताची नाय गो," बाई म्हणाल्या, "आतड्याची."

मशीनच्या ठकठकाटात श्वास रोखायचा होता आणि मला हसू आवरत नव्हतं.

बाहेर आलो तेव्हा माझं घड्याळ त्यांच्या मनगटावर होतं. मग त्यांना बोलावलं. त्यांनी गळ्यातलं मंगळसूत्र काढून माझ्या मुठीत ठेवलं. सिस्टरने तोंड उघडायच्या आत मीच म्हणालो, "आतड्याचा."