काळदुर्गावरची हाक

भूतखेत, चकवा, भानामती… यातल्या कशावरही माझा विश्वास नव्हता आणि खरं सांगायचं तर आजही नाही. तारापूरच्या एमआयडीसीत एका रसायन कारखान्याच्या लॅबमध्ये माझी सगळी नोकरी झाली. एखादा निकाल विचित्र आला की आधी काचेचं भांडं नीट धुतलं होतं का ते बघायचं, ही तिथली शिकवण. इथे लोक आपापले अनुभव लिहितात ते मी बरीच वर्षं वाचतोय आणि बहुतेक वेळा मनात म्हणतो, भांडं धुतलं नव्हतं. पण एक गोष्ट माझ्याकडेही आहे. बायकोला विचारलं, लिहू का? ती म्हणाली, लिहा, पण तिखटमीठ न लावता लिहा. तसंच लिहितोय.

ऐंशीच्या दशकातली शेवटची वर्षं. आम्ही बोईसरला दोन खोल्यांत राहायचो. शैला पालघरच्या एका शाळेत शिकवायची. आम्हाला मूलबाळ झालं नाही. त्याचं दुःख काही वर्षं केलं, आणि मग एका दिवाळीत ती म्हणाली की घरात बसून रडण्यापेक्षा आपण डोंगरात जाऊ. तिथून सुरुवात झाली. बोईसरच्या एका ताडपत्रीवाल्याकडून खाकी तंबू शिवून घेतला. तो इतका जड होता की मला पाठीवर घेताना शैलाला मागून उचलून धरावा लागायचा. अशेरीगडाच्या गुहेत राहिलो, कोहोजला गेलो. डोंगर चढायचा कंटाळा आला की स्कूटरवरून दांडीच्या समुद्रकिनाऱ्यावर जायचं आणि सुरूच्या झाडांखाली तंबू ठोकायचा. तिथली एक मासे सुकवणारी बाई आम्हाला दर वेळी विचारायची, "तुमाला घर नाय का?" आणि दर वेळी मूठभर सुकट बांधून द्यायची.

या सगळ्या भटकंतीत बोलायचो ते मीच. शैला ऐकायची. लोकांसमोर मी तिला शैला म्हणायचो, तंबूत शैलू. हे नाव आमच्या दोघांबाहेर कुणाला माहीत नव्हतं, तिच्या आईलाही नाही.

मग माझा आवाज बसला. आधी वाटलं लॅबमधल्या वाफांमुळे असेल. काढे झाले, गोळ्या झाल्या. दोनेक वर्षं मी घोगऱ्या, फाटक्या आवाजात बोलत राहिलो. शेवटी मुंबईला मोठ्या हॉस्पिटलात दाखवलं तेव्हा कॅन्सर निघाला. स्वरयंत्र काढून टाकावं लागलं. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो, या ऑपरेशननंतर माणूस तोंडाने, नाकाने श्वास घेत नाही. गळ्याच्या तळाशी शर्टाच्या बटणाएवढं भोक असतं, श्वास तिथून आत जातो आणि तिथूनच बाहेर येतो. जेवण तोंडानेच. पण बोलणं संपतं. ढेकर दिल्यासारखा आवाज काढून बोलायला शिकवतात, मला ते जमलं नाही. मी पाटी आणि खडू जवळ ठेवायला लागलो.

ऑपरेशनच्या आदल्या आठवड्यात शेजाऱ्यांनी टेपरेकॉर्डर आणून दिला होता. काहीतरी बोलून ठेवा म्हणाले. मी चिडलो. मेल्यासारखं काय बोलून ठेवायचं! टेपरेकॉर्डर तसाच परत पाठवला.

ही चूक मला सहा महिन्यांनी कळली. एका दुपारी शैला भाजी निवडत बसली होती. निवडता निवडता थांबली आणि म्हणाली, "मला तुमचा आवाज आठवेनासा झालाय." काही तक्रार नव्हती तिच्या बोलण्यात. दूध संपलंय म्हणून सांगावं तसं सांगितलं. त्या घोगऱ्या आवाजाआधीचा, लग्नातला आवाज ती आठवू बघत होती आणि तो तिला सापडत नव्हता. मी पाटीवर काहीतरी लिहायला खडू घेतला आणि तसाच खाली ठेवला.

त्यानंतर मी घराबाहेर पडणं जवळजवळ बंद केलं. कारखान्याने मला सांभाळून घेतलं होतं, लॅबमध्ये बोलण्याची गरज फारशी नसते, पण तेवढंच. रविवारी मी भिंतीकडे तोंड करून पडायचो. तंबू माळ्यावर होता. भाद्रपद संपता संपता शैलाने एका रविवारी सकाळीच पिशवी भरली आणि म्हणाली, काळदुर्गावर जाऊन येऊ, मुक्काम नको, संध्याकाळी परत. मी पाटीवर लिहिलं : नको. तिने पाटी पुसली.

स्कूटर तिनेच चालवली. माझ्या आजारपणात ती शिकली होती. मी गळ्यावर मलमलचं फडकं बांधून मागे बसलो. पालघरातून मनोर रस्त्याला लागलो, वाघोबा खिंडीत स्कूटर लावली. शैलाने नेहमीसारखे वाघोबाला हात जोडले, मी नेहमीसारखा पिशवीचे बंद आवळत उभा राहिलो. चढायला लागलो. पूर्वी तासाभरात पठारावर जायचो, त्या दिवशी दोन तास लागले. गळ्यातल्या भोकातून धाप टाकताना भात्यासारखा आवाज येतो. मला त्याची लाज वाटायची. शैला पुढे गेली नाही आणि मागेही राहिली नाही, माझ्या पावलाला पाऊल लावून चालत होती.

पठारावर पोचलो तर गवत डोक्याच्या वर गेलेलं. काळदुर्ग ज्यांनी पाहिलाय त्यांना माहीत असेल, पठाराच्या वर एक मोठा चौकोनी कातळ आहे. तोच गडाचा माथा. पठारावरून डोंगराच्या कडेकडेने एक पायवाट पाण्याच्या टाक्याकडे जाते. आम्ही दहा-बारा वेळा तरी त्या वाटेने गेलो असू. शैला म्हणाली, तुम्ही वर जाऊन बसा, मी टाक्यावरून पाणी आणते, चहा टाकू. तिने कॅन घेतला आणि गवतात शिरली. मी सावकाश माथ्यावर चढलो.

सकाळचे साडेदहा-अकरा वाजले असतील. लख्ख ऊन. पश्चिमेला समुद्र, पालघरची घरं, सातपाटीकडची खाडी. खूप महिन्यांनी मला जरा बरं वाटत होतं. मग मी खाली टाक्याच्या वाटेकडे पाहिलं.

वाट तुटली होती. त्या पावसात कधीतरी दरड गेली असणार. वरून तांबड्या मातीची मोठी जखम स्पष्ट दिसत होती. पण वाटेच्या दोन्ही बाजूंचं गवत तसंच उभं होतं, तुटलेल्या कडेवर ओणवं झालेलं. त्यातून चालणाऱ्या माणसाला शेवटचं पाऊल पडेपर्यंत काहीही कळलं नसतं. आणि गवतातून शैलाच्या डोक्याला बांधलेला निळा रुमाल पुढे सरकत होता. सवयीची वाट, म्हणून भरभर. त्या कडेपासून वीस-पंचवीस पावलं.

मी ओरडलो. म्हणजे तोंड उघडलं. गळ्यावरचं फडकं तेवढं हललं.

गळ्यात शिट्टी होती, शैलाच्या खेळाच्या तासाची. डोंगरात आम्ही नेहमी न्यायचो. सवयीने ती ओठात धरली आणि फुंकली… पण माझा श्वास तोंडातून जातच नाही. शिट्टी ओठात आणि हवा गळ्यातून बाहेर. त्या एका क्षणी मला जे वाटलं ते मला आजही लिहिता येत नाही. टाळ्या वाजवल्या, पाण्याची बाटली दगडावर आपटली. वारा समुद्राकडून माझ्या तोंडावर येत होता, माझे सगळे आवाज उलटे डोंगरापलीकडे नेत होता. रुमाल पुढेच चालला होता.

मग मी हातपाय हलवायचं थांबवलं. का, ते माहीत नाही. नुसता तिच्याकडे बघत उभा राहिलो आणि मनात, अगदी शब्द न् शब्द, म्हणालो : शैलू, थांब. पाय मागे घे. खाली बस.

रुमाल थांबला. एक पाऊल मागे आला. आणि गवतात दिसेनासा झाला, म्हणजे ती खाली बसली होती.

मी कसा उतरलो ते आठवत नाही. गुडघे फुटले ते नंतर कळलं. ती वाटेत मांडी घालून बसली होती, कॅन मांडीवर घट्ट धरून. तिच्यापुढे दोन पावलांवर गवत आणि त्यापलीकडे काहीच नाही. मी तिला दोन्ही खांद्यांना धरून मागे ओढलं. ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली, मग गळ्याकडे.

"तुम्ही बोललात," ती म्हणाली.

मी मान हलवून नाही म्हटलं.

"बोललात. शैलू, थांब, पाय मागे घे, खाली बस."

माझ्याकडे पाटी नव्हती. असती तरी काय लिहिलं असतं? मी तिला हात धरून पठारावर आणलं आणि आम्ही एका झाडाखाली बसून राहिलो. ती रडत नव्हती, मीच रडत होतो. आवाज नसला तरी रडता येतं.

थोड्या वेळाने खालच्या अंगाने एक म्हातारी वर आली. पायथ्याच्या पाड्यावरची, गवत कापायला आलेली. हातात विळा, डोक्यावर चुंबळ. आम्हाला बघून तिचा जीव भांड्यात पडलेला दिसला. म्हणाली, "बाय बरी हाय ना? मला वाटला पडली." मग ती माझ्याकडे वळली. "केवड्यानं वरडलास रं बाबा. शैलू, शैलू… बस सांगत व्हतास. आमी खाली गवतात व्हतो, तितवर आला आवाज." आणि शैलाला विचारलं, "तुजा नाव शैलू हाय ना?"

शैलाने मान डोलावली. माझ्या गळ्यावरचं फडकं मघाच्या धावपळीत सुटलं होतं. म्हातारीचं लक्ष त्या भोकाकडे गेलं. ती बराच वेळ बघत होती. घाबरली नाही. स्वतःच्या वाळक्या भोपळ्याच्या तुंब्यातलं पाणी आम्हाला दिलं, त्या वाटेनं परत जाऊ नका म्हणून बजावलं आणि विळा घेऊन उतरून गेली.

उतरून खिंडीत आलो. स्कूटर लगेच सुरू न करता रस्त्याकडेच्या दगडावर बसलो. माझ्या खिशात पेन्सिलीचा तुकडा होता, बिस्किटाच्या कागदावर मी लिहिलं : कसा होता?

तिने वाचून कागदाची घडी घातली. मग म्हणाली, "घोगरा नव्हता. आधीचा होता. आणि तुम्ही ओरडला नाहीत हो… ती आजी काही म्हणू दे. अगदी हळू बोललात. कानाशी. तंबूत बोलायचात तसे."

हेच मला आजवर सुटलेलं नाही. एकीला डोंगराखाली मोठ्याने आरोळी ऐकू आली आणि दुसरीला तोच शब्द कानाशी, हळू. दोघींचं जुळत नाही आणि दोघींपैकी एकही खोटं बोलत नव्हती. शैलू हे नाव तर त्या म्हातारीला कळायला दुसरा मार्गच नव्हता.

पुढच्या तपासणीला मी डॉक्टरांना सगळं लिहून दाखवलं. भले माणूस होते, हसले नाहीत. म्हणाले, गवतातून पायाखालची जमीन भुसभुशीत लागली असेल, शरीराला आधी कळतं, आणि मग मन ओळखीचा आवाज लावतं. शैलापुरतं हे पटण्यासारखं होतं. म्हातारीचं काय, असं लिहिल्यावर त्यांनी पुढच्या तपासणीची तारीख लिहून दिली. आणखी एक गोष्ट मी त्यांना लिहिली नव्हती. त्या दिवसानंतर दोन दिवस माझा घसा दुखत होता. जत्रेत दिवसभर ओरडल्यावर दुखतो तसा, नेमका तिथे, जिथे आता काही उरलेलंच नाही.

दिवाळीनंतर आम्ही पुन्हा गेलो. मला तपासून बघायचं होतं. शैलाला माथ्यावर उभं केलं आणि मी टाक्याच्या वाटेवर, जिथे ती बसली होती तिथे उभा राहिलो. ठरल्याप्रमाणे ती जीव खाऊन ओरडली. तिचं तोंड उघडताना, मिटताना मला दिसत होतं. शब्द एकही कळला नाही. वारा तोच होता, समुद्राकडचा. आणि ती म्हातारी तर त्याहून कितीतरी खाली होती. त्या दिवशी पाड्यावर तिची चौकशी केली. घरचे म्हणाले, भात कापायला लेकीच्या गावाला गेलीय. पुन्हा काही भेट झाली नाही.

एक मात्र झालं. शैलाला माझा आवाज परत आठवायला लागला. आजही आठवतो म्हणते. मुक्कामही पुन्हा सुरू झाले, आणि माळ्यावरचा तंबू फाटेपर्यंत आम्ही वापरला.

मी तो प्रयोग मात्र सोडलेला नाही. आता आम्ही दोघंही सत्तरीपुढे गेलोय. सकाळी ती अंगणात तगरीची फुलं काढत असते, मी खिडकीत बसलेला असतो, आणि रोज एकदा मी मनातल्या मनात, शब्द न् शब्द, तिला हाक मारतो. इतक्या वर्षांत एकदाही तिला ऐकू गेली नाही. चहा हवा असला की टाळीच वाजवावी लागते. त्या एका सकाळी काय झालं होतं, मला ठाऊक नाही. पण तिला हाक मारायची राहिली, असा एकही दिवस मी जाऊ दिलेला नाही.